बटण कोणाचं, फोटो कोणाचा?

गेल्या रविवारी आत्याला घेऊन एका मॉलमध्ये गेलो होतो. तळमजल्यावर भला मोठा पडदा, शेजारी 'तुमचं सेल्फ-पोर्ट्रेट तुम्हीच बनवा' अशी पाटी आणि ही भलीथोरली रांग! पडद्यासमोर उभं राहायचं, की तुमचा चेहरा वारलीच्या गोल-त्रिकोणांत बदलून भिंतीवर झळकतो. आत्या उभी राहिली. पडद्यावर अक्षरं आली, 'प्लीज स्माइल'. आत्या फोटोत हसत नाही (स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेली नाही). मशीन तीनदा अडलं. शेवटी वैतागून तिने ओठ ताणले आणि सुटका करून घेतली. भिंतीवर चित्र उमटलं. ते बघून म्हणाली, "ही कोण बाई?" आणि मग, "पुसता येतं का रे हे?"

नाही येत. तसं बटणच नव्हतं.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे आत काय चाललं असणार याचा अंदाज आहे. कॅमेरा चेहरा शोधतो, डोळे-नाक-तोंडाचे बिंदू पकडतो आणि आधीच तयार असलेल्या साच्यात बसवतो. रंग, आकार, पाठीमागचा देखावा, हसू हवं की नको, सगळं कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरून गेलेलं. आपण द्यायचा तो फक्त चेहरा. म्हणजे माणूस हा निव्वळ इनपुट! आणि पाटीवर मात्र 'तुम्हीच बनवा'. माझा आक्षेप आहे तो या 'तुम्हीच'वर.

तंत्रज्ञानावर राग नाही बरं का. डॅनियल रोझिन या कलाकाराने १९९९ मध्ये 'वुडन मिरर' केला. ८३० लाकडी तुकडे, ते फिरवायला मोटरी आणि मध्ये एक छोटा कॅमेरा. समोर उभं राहिलं की तुकडे कमी-जास्त कलतात आणि उजेड-सावलीतून तुमचं प्रतिबिंब तयार होतं. पण तो स्वतःला आरसा म्हणवतो. चित्र तुम्ही काढलंत असा दावा करत नाही. प्रामाणिक काम आहे.

त्याच्याही आधीची, १९७२ ची गोष्ट. व्हेनिसच्या बिएनालेत फ्रँको व्हक्कारी या इटालियन कलाकाराला एक दालन मिळालं. त्याने ते रिकामं ठेवलं. आत फक्त फोटो काढायचं मशीन, रेल्वे स्टेशनवर असायचं तसलं, आणि भिंतीवर सूचना, की तुमच्या इथल्या धावत्या भेटीची फोटोरूपी खूण या भिंतीवर सोडून जा. लोक आत जायचे, पडदा ओढायचे आणि वाट्टेल ते करायचे. बाहेर आलेली पट्टी भिंतीवर लावायची की खिशात घालायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हजारो फोटो जमले. कलाकाराने प्रेक्षकासाठी काहीच ठरवलं नव्हतं, हीच त्यातली कलाकारी.

आता कोणी म्हणेल, मग सेल्फी काय वाईट? बटण तर आपणच दाबतो ना! मलाही आधी तसंच वाटायचं. पण पुष्पमाला एन. या बंगळुरूच्या कलावतीचं काम पाहिलं आणि मत बदललं. २००० ते २००३ या काळात तिने 'बॉम्बे फोटो स्टुडिओ' ही मालिका केली. कुठे? आपल्या दादरला, इंडिया फोटो स्टुडिओच्या जे. एच. ठक्कर यांच्याबरोबर. एकेकाळी सिनेतारकांचे फोटो काढणारे हे ठक्कर. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातला तो उजेड, त्या अदा, आणि त्यात पुष्पमाला स्वतः. कॅमेऱ्यामागे ठक्कर, तरी चित्र तिचं! कारण आपण कोण म्हणून दिसायचं हे तिने ठरवलं होतं. उलट सेल्फी पॉइंटवर बटण आपलं, पण चौकट दुसऱ्याची. २०१७ च्या महापालिका निवडणुकीनंतर शिवाजी पार्कच्या सेल्फी पॉइंटवरून पक्षापक्षांत केवढी जुंपली होती, आठवतंय? भांडण चौकटीसाठी होतं. आत उभं राहणाऱ्याचं कोण विचारतो!

तेव्हा प्रश्न बटण कोणी दाबलं हा नाहीच. ठरवलं कोणी, हा आहे. आणि नको असेल तर फाडून टाकायची सोय आहे का, हा दुसरा.

हे सगळं डोक्यात घोळण्याचं कारण नायगाव. आत्या तिथल्या बीडीडी चाळीत राहते. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७, त्यातल्या ४२ नायगावात. खोली १६० चौरस फुटांची. म्हाडाच्या पुनर्विकासात तिथे ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्यासुद्धा. चांगलंच आहे. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्याने आयुष्य काढलं त्याला चाळीच्या आठवणींचं कौतुक सांगू नये.

पण चाळी जाणार म्हटल्यावर कॅमेरेवाले येऊ लागले. लांबलचक व्हरांडा, वाळत घातलेले कपडे, कठड्याला टेकलेली म्हातारी, क्लिक. आत्याही अशा कोणाकोणाच्या फोटोत असेल. तिला कोणी विचारलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पाडण्याआधी एखादी रिकामी खोली महिनाभर व्हक्कारीच्या पद्धतीने उघडी ठेवावी. एक कॅमेरा, एक प्रिंटर, एक पडदा, कोरी भिंत. घरातून हवं ते घेऊन यायचं, हवं तसं बसायचं, आवडलं तर लावायचं, नाही तर फाडायचं. खर्च मॉलमधल्या त्या पडद्यापेक्षा नक्कीच कमी. मित्र म्हणाला, "अरे, सगळे गॉगल आणि चेन घालून वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखे उभे राहतील." राहू देत की! त्यांना तसं दिसायचं असेल तर तेच त्यांचं सेल्फ-पोर्ट्रेट. आपल्याला आवडतील असे चाळकरी त्यांनी का व्हायचं?

आत्याला विचारलं, "तू कसा काढशील?" ती क्षणभरही थांबली नाही.

"शिलाई मशीनवर बसलेली. खिडकीकडे तोंड करून. पाठमोरी काढ."

"अगं, पण तोंड दिसणार नाही."

"मग काय झालं? आयुष्यभर पोरांनी मला तशीच बघितलीय."

मॉलमधलं मशीन यावर काय म्हणालं असतं, ठाऊक आहे. 'चेहरा सापडला नाही, पुन्हा प्रयत्न करा.'