विश्लेषण : जुन्या इमारतीतल्या सळया गंजल्या, हे कळते, पण किती वेगाने? काळाचौकीच्या घरांसाठी हाच प्रश्न कळीचा

एप्रिल-मे आला की काळाचौकी, लालबाग, परळच्या जुन्या इमारतींमध्ये दोन गोष्टी सुरू होतात. गच्चीवर डांबर आणि ताडपत्री चढते आणि फलकावर नोटिशी लागतात. इमारत धोकादायक आहे की नाही, यावर मालकाचा अहवाल एक सांगतो, रहिवाशांचा दुसरे. या वादाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच शत्रू असतो, तो म्हणजे गंज. तरीही गंज किती वेगाने वाढतो आहे, हा आकडा सहसा दोन्ही अहवालांत नसतो. तो मोजता येतो आणि आता मोजायलाच हवा.

काँक्रीटच्या आत सळई गंजते कशी?

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते. सिमेंटमुळे आतले वातावरण तीव्र अल्कधर्मी राहते, सामू १२.५ ते १३ च्या आसपास. अशा वातावरणात लोखंडावर अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. हा थर दोन कारणांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो आणि सामू ९ च्याही खाली आणतो, किंवा समुद्राच्या हवेतले क्षार आत शिरून थराला छिद्रे पाडतात. काळाचौकीच्या पूर्वेला शिवडीची खाडी आहे. पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो आणि न्हाणीघराची गळती तर बारमाही असते. म्हणजे क्षार, पाणी आणि प्राणवायू यांपैकी कशाचीच इथे वानवा नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. त्याच्या दाबाने काँक्रीटला आतून तडा जातो, मग पोपडे पडतात. छताचा गिलावा खाली येतो, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

सध्या तपासणीत काय मोजले जाते?

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे. तपासणीत हातोडीच्या उसळीची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, काँक्रीटचे नमुने आणि कार्बोनेशनची खोली पाहिली जाते. गंजासाठी मुख्यतः ‘हाफ सेल’ चाचणी होते. व्होल्टमीटरचे एक टोक सळईला आणि दुसरे काँक्रीटवर ठेवलेल्या तांबे-मोरचुदाच्या इलेक्ट्रोडला जोडून विद्युतदाब वाचला जातो. तो उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली असेल, तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. उणे २०० च्या वर असेल, तर ती गंजत नसण्याची शक्यता तितकीच. मधल्या पट्ट्यात नक्की काहीच सांगता येत नाही.

अडचण इथेच आहे. ही चाचणी शक्यता सांगते, वेग सांगत नाही. शिवाय काँक्रीट पाण्याने पूर्ण भिजलेले असेल, तर प्राणवायूच्या अभावी गंज मंद असूनही आकडा घाबरवणारा येऊ शकतो.

मग वेग कसा मोजतात?

गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. म्हणजे गंजणाऱ्या सळईच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतच असतो. तो मोजला की वेग कळतो. यासाठीचे एक तंत्र म्हणजे विद्युत-रासायनिक प्रतिबाधा मापन. नाव जड आहे, कल्पना सोपी.

सळईला साधारण १० मिलिव्होल्टचा, म्हणजे भिंतीवरच्या प्लगमधील विजेच्या वीस हजाराव्या भागाहूनही कमी, उलटसुलट होणारा विद्युतदाब देतात. त्याची वारंवारता सेकंदाला हजारो आवर्तनांपासून शंभर सेकंदांना एक आवर्तन इथपर्यंत खाली आणतात. वेगवान आवर्तनांना फक्त काँक्रीटचा रोध जाणवतो. मंद आवर्तनांमध्ये सळईच्या पृष्ठभागावरची गंजक्रियाही उत्तर देऊ लागते. सगळे आकडे आलेखावर मांडले की साधारण अर्धवर्तुळ दिसते. ते जितके लहान, तितका गंजाला होणारा रोध कमी आणि गंज वेगवान.

स्टर्न आणि गिअरी यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सूत्राने या रोधावरून गंजाचा प्रवाह काढता येतो. सक्रिय गंजासाठी २६ मिलिव्होल्टला रोधाने भागायचे. प्रति चौरस सेंटीमीटर ०.१ मायक्रोअँपिअरच्या खालचा प्रवाह नगण्य मानतात, १ च्या वरचा तीव्र.

या आकड्याने घरात राहणाऱ्याला काय कळते?

एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला सुमारे ०.०११६ मिलीमीटर लोखंड खाल्ले जाणे. हे क्षुल्लक वाटते. पण साधारण ०.०५ मिलीमीटर खोलीचा गंज सळईवरच्या काँक्रीटला तडा द्यायला पुरेसा ठरू शकतो. म्हणजे १ मायक्रोअँपिअरच्या वेगाने तड्याची वेळ चारेक वर्षांत येते, तर ०.१ च्या वेगाने चाळीसएक वर्षांत. हाफ सेल चाचणीत दोन्ही तुळया एकाच लाल रंगात दाखवल्या जाऊ शकतात. चार वर्षे आणि चाळीस वर्षे यांतला फरक संक्रमण शिबिरात जाणाऱ्या कुटुंबासाठी, मुलांच्या शाळेसाठी, चाळीखालच्या दुकानासाठी किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

वादात याचा उपयोग काय?

पालिकेच्या वर्गवारीत ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची इमारत आणि ‘सी-२ ब’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी. एका अक्षराच्या फरकाने घर जाते किंवा राहते. दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. समितीपुढे दोन तज्ज्ञांच्या मतांऐवजी मोजलेला वेग आणि त्याचा मूळ आलेख असेल, तर तो तिसऱ्या तज्ज्ञालाही तपासता येईल. मालक आणि भाडेकरू यांपैकी कोणालाही तो सोयीने वाकवणे अवघड जाईल.

कागदावरचा शेरा आणि आतली अवस्था यांत किती अंतर पडू शकते, हे मुंबईने १४ मार्च २०१९ रोजी पाहिले. सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून सात जणांचा जीव गेला. त्याआधीच्या तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता.

मर्यादा कोणत्या?

त्या आहेत आणि लपवू नयेत. मंद आवर्तनांमुळे एका जागेला बराच वेळ लागतो. सळईला तार जोडण्यासाठी काँक्रीट थोडे फोडावे लागते. मापन सळईच्या नेमक्या किती भागाचे झाले, हे ठरवणे कठीण असते. मे महिन्यातला कोरडा आकडा आणि ऑगस्टमधला ओला आकडा वेगळे येतात, म्हणून एकदाच मोजून भागत नाही. जुन्या चाळींतल्या भिंतीत रुतलेल्या लोखंडी तुळयांना ही पद्धत सरळ लागू पडत नाही. तिथे उघड्या केलेल्या तुळईची उरलेली जाडी मोजणेच बरे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही चाचणी आजचा वेग सांगते, आजवर झालेली झीज नाही. ज्या खांबाची सळई आधीच खाल्ली गेली आहे, तिथे आलेखाची वाट पाहत बसणे जीवावर बेतेल. इमारत रिकामी न करण्याचे निमित्त म्हणून या तंत्राचा वापर कोणी करू नये.

काय व्हायला हवे?

ज्ञान दूर नाही. कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था याच विषयात काम करते, पवईच्या आयआयटीत गंजशास्त्राचा अभ्यास होतो. उणीव आहे ती नियमात. प्रत्येक इमारतीला ही चाचणी परवडणार नाही हे खरे, पण अहवालांत वाद असलेल्या काँक्रीटच्या इमारतींत तरी निवडक तुळया-खांबांवर, पावसाळ्याआधी आणि नंतर, गंजाचा वेग मोजणे सक्तीचे करावे. खर्च पालिका किंवा म्हाडाने उचलावा, म्हणजे अहवाल पैसे देणाऱ्याच्या बाजूने झुकल्याचा संशय उरणार नाही. तातडीचा धोका असेल तिथे मात्र आधी माणसे बाहेर काढावीत.

तोवर रहिवाशांनी तपासणी करणाऱ्या अभियंत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : गंज आहे हे कळले, पण तो वर्षाला किती वाढतो आहे?