घरच्यापुरती



ह्या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. ते राहू द्या. आमच्या वस्तीतला एक पोरगा आत गेला. वय एकवीस. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला, पहाटे मैदानात पळणारा. मोबाईलवर बघून बघून त्यानं द्राक्षाच्या रसाची बरणी लावली होती, बहिणीच्या हळदीला दोस्तांना पाजू म्हणून. विकायची नव्हती. कुणीतरी खबर दिली. ठाण्यात तो एकच वाक्य बोलत राहिला, ‘साहेब, घरच्यापुरती होती.’ साहेब हसला.

ह्या ‘घरच्यापुरती’वर लिहितोय. हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय आणि ह्या शब्दानं आमच्यातलं कुणी सुटलेलं मी पाहिलेलं नाही.

माझी आजी, आईची आई, घरात दारू गाळायची. आजा गोदीत गोण्या वाहायचा. मी आज वाहतो तशाच. संध्याकाळी पाठ मोडून यायचा. दुकानातली परवडत नव्हती म्हणून आजी त्याच्यापुरती काढायची. खोटं कशाला बोलू? एखादा ग्लास शेजारी जायचा, त्याचे पैसे यायचे, त्यात आईच्या वह्या-पुस्तकं झाली. मी तिसरीत होतो तेव्हा धाड पडली. घरात होतं चार-पाच लिटर नि जर्मनचं एक पातेलं. पंचनाम्यात झाले पस्तीस लिटर. पंच कोण, कुठले, आम्ही कधी पाहिले नव्हते. आजीनं अंगठा उठवला. कागदावर काय आहे ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. मग तारखा. रोज बुडवून तारखा. जामीनदारासाठी डोरलं गहाण. सात वर्षांनी पंच उलटले आणि आजी निर्दोष सुटली. तोवर आजा मेला होता. पोट फुगून, पिवळा होऊन. त्याच दारूनं.

म्हणजे आजीला कायद्यानं मारलं आणि आज्याला दारूनं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगायची नि दुसरी झाकायची हा धंदा मी ह्या पानावर करणार नाही.

आता कायदा. हा कायदा १९४९चा. तेव्हा नाव मुंबई दारूबंदी कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नाव बंदीचं, पण बारचे, वाईन शॉपचे, ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ अशी पाटी लावणाऱ्यांचे परवाने ह्याच कायद्याखाली निघतात. कलम १२ म्हणतं, परवान्याशिवाय दारू बनवायची नाही, बाळगायची नाही, न्यायची नाही, विकायची नाही, विकत घ्यायची नाही. कलम १३ म्हणतं, बनवायचं सामानसुमान घरात ठेवायचं नाही, आणि प्यायचीही नाही. शिक्षा कलम ६५ला. ती महिन्यांत नाही, वर्षांत मोजतात. वर दंड. पोलिसाला वॉरंटशिवाय उचलता येतं.

नीट वाचा. ‘बनवणे’च्या पुढं-मागं ‘विकण्यासाठी’ असा शब्द कुठंही लावलेला नाही. एक बाटली बनवली तरी बनवली. आणि कायद्याच्या लेखी दारू म्हणजे नुसती भट्टीतली नव्हे. वाईन, बिअर, ताडी, अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव त्यात येतो. म्हणजे ‘मी गाळली नाही, नुसती आंबवली’ हेही चालत नाही. बरणीवाला पोरगा इथंच फसला.

ह्याहून वाईट आहे कलम १०३. साध्या खटल्यात सरकारनं तुमचा गुन्हा शाबीत करायचा असतो. इथं दारू, भट्टी, भांडी किंवा दारू बनवायला नेहमी लागणारा माल तुमच्या ताब्यात सापडला आणि तुम्हाला पटेलसा खुलासा देता आला नाही, तर गुन्हा तुम्हीच केला असं धरूनच कोर्ट चालतं. उलटं शाबीत करायचं तुम्ही. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात, ताबा कुणाचा? ज्याला धरला त्याचा.

आणि हे एका केसवर थांबत नाही. कलम ९३ खाली चांगल्या वागणुकीचा जामीन मागतात, त्याला वस्तीत ‘चॅप्टर’ म्हणतात. पुन्हा पुन्हा नाव आलं की तडीपारीची भाषा. त्याच्या वर १९८१चा कायदा, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात. त्याच्या मराठी नावातच ‘झोपडपट्टीगुंड’ आणि ‘हातभट्टीवाले’ शेजारी शेजारी बसवलेत. त्याखाली खटला न चालवता वर्षभर डांबता येतं. आणि केस नुसती पडून असली तरी भरतीच्या, पासपोर्टच्या चौकशीत तो कागद आडवा येतो. बरणीवाल्या पोराचं मैदान तिथंच संपलं.

हे कुठून आलं? इंग्रजानं १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. गावोगाव, पाड्यापाड्यावर गाळली जाणारी मोहाची दारू त्यानं सरकारी मक्त्याखाली ओढली. माणसं पितात ह्याचं त्याला दुःख नव्हतं. सरकारला न विचारता पितात ह्याचं होतं. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्याकडं मोहाच्या फुलांवरच कायदा आला. झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरात साठवायला सरकारची मर्जी लागू लागली. मग स्वराज्य आलं, गांधींचं नाव घेऊन दारूबंदी आली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं बलसारा खटल्यात ह्या कायद्याची बहुतेक कलमं कायम ठेवली, दारू असलेल्या औषधांवरची नि प्रसाधनांवरची बंदी मात्र उडवली. टॉनिकवाल्यांची सोय झाली. मग परवाने आले. आजही प्यायचा परवाना मिळतो. एका दिवसाचा, वर्षाचा, आयुष्यभराचा. कशासाठी? आरोग्याच्या रक्षणासाठी! साल्यांनो, माझ्या आज्याला काय पाठ नव्हती?

आता हा तमाशा बघा. गोव्यात काजूची फेणी. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. तिथंही परवाना लागतो, पण गाळणाऱ्याला निदान इज्जत आहे. आमच्याकडं २०२२ साली मंत्रिमंडळानं ठरवलं की मोहफुलांपासून, काजूबोंडांपासून रीतसर बनवलेल्या दारूला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा द्यायचा. आपल्याच जंगलातलं फूल, कारखान्यातून आलं की विदेशी. आणि पाड्यावरच्या बाईच्या मडक्यातून आलं की मुद्देमाल.

टॉवरमधला माणूस काचेच्या भांड्यात बिअर लावतो, फोटो टाकतो, त्याला छंद म्हणतात. कलम त्यालाही तेच आहे, हे त्यानंही लक्षात ठेवावं. पण त्याच्या दारावर वॉचमन आहे आणि आमच्या दाराला दारच नाही, गोणपाट आहे. कायदा आंधळा नाही. त्याला गोणपाट बरोबर दिसतं.

म्हणून काय भट्टी पेटवायची? नाही.

इथं मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. आपल्यातल्या कवींना भट्टीचं फार प्रेम. कवितेत भट्टी, नाक्यावर क्वार्टर, तोंडात विद्रोह. मीही अशा ओळी लिहिल्यात, त्या मी परत घेतो. भट्टीचा धूर मी नाकातोंडात घेऊन वाढलोय. त्यात विद्रोह नसतो, आईच्या अंगावरचे वळ असतात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची एक आहे. ती आमच्या भिंतीवर होती आणि तिच्याखाली आजा पडलेला असायचा. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, स्वतःला वर उचलायला. कायदा दुसरा कुणीतरी तुमच्या मानेवर ठेवतो. दोन्हीत गल्लत करू नका. दारू सोडायची ती फौजदाराला भिऊन नव्हे.

पण केस मात्र भिण्यासारखीच आहे. फुकटच्या मर्दानगीत आयुष्य घालवू नका.

आणि मरण आहेच. २००४ साली विक्रोळी. जून २०१५ला मालाडची मालवणी, शंभराहून जास्त मेले. सगळे कष्टकरी. त्यांना गुळाच्या रसायनानं नाही मारलं. मिथेनॉलनं मारलं. ते कारखान्यातलं रसायन आहे. देशाला लागणारं बहुतेक मिथेनॉल परदेशातून जहाजानं येतं. आम्ही गोदीवाले रोज टँकर बघतो. तिथून कारखान्यापर्यंतच्या वाटेत ते चोरीला जातं आणि दारू म्हणून वस्तीत विकलं जातं. वासानं, चवीनं ओळखू येत नाही. पिल्यावर लगेच कळतही नाही. कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा, उलट्या, श्वास जोरात, डोळ्यांपुढं पांढरं धुकं. असं झालं की ‘उतरेल’ म्हणून झोपवू नका. केसला भिऊन घरी ठेवू नका. तडक मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या आणि काय पिलं ते डॉक्टरला खरं सांगा. वेळेत उतारा नि डायलिसिस मिळालं तर जीव आणि डोळे वाचू शकतात.

आता कामाचं. कुणी धरला गेला तर एवढं पाठ करा. अटकेचं कारण विचारायचा हक्क आहे. घरच्यांना कळवायला लावायचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. बाईला सूर्यास्तानंतर नि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. १ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्याखाली झडतीचं नि जप्तीचं चित्रीकरण करायला हवं. ‘शूटिंग कुठंय?’ हे कोर्टात विचारा. न वाचलेल्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. लिटर किती लिहिलेत ते वाचा. आणि वकील फुकट मिळतो. १९८७च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता मिळतो. माझ्या आजीला हे कुणी सांगितलं नाही. जामीनदारापायी डोरलं गेलं आणि वकिलापायी घरातली भांडी.

आमचं म्हणणं थोडक्यात. घरच्यापुरतं बनवणारा आणि विष विकणारा ह्यांना एका कलमात कोंबू नका. घरच्यापुरत्याला दंड, समज, व्यसन सोडवायचा दवाखाना द्या. तुरुंग नको. कलम १०३चं ओझं गरिबाच्या डोक्यावरून उतरवा. टँकर फोडणाऱ्यापर्यंत जा. आणि सरकारला खरंच बंदी हवी असेल तर हजारो कोटींचा महसूल आधी सोडा, मग आमच्या मडक्याला काठी लावा.

बरणीवाला पोरगा जामिनावर बाहेर आलाय. पहाटे अजून पळतो. कशासाठी, मी विचारत नाही. पुढच्या तारखेला आम्ही चौघं त्याच्याबरोबर कोर्टात जाणार आहोत, पंचनाम्याची नक्कल घेऊन, एकेक ओळ वाचत. ज्यांना सुट्टी काढता येते त्यांनी यावं. आजीच्या वेळी बाकावर कुणी नव्हतं.