दुकानाला मोकळीक, घराला उपदेश

नववर्षाच्या सकाळचे बागा-कळंगुटचे फोटो पाहून यंदाही सगळ्यांचे पित्त खवळले. पर्यटकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, कंत्राटदाराच्या माणसांनी किनारा झाडला आणि विषय संपला. दरवर्षी तो असाच संपतो. किनाऱ्यावरचा कचरा निदान दिसतो तरी. नाताळच्या पंधरवड्यात गोव्यातल्या घराघरांतून जो बाहेर पडतो, त्याचा फोटो कोणी काढत नाही. आता तीन राजांचे फेस्त झाले की नक्षत्रे उतरतील, गोठे मोडतील आणि या कचऱ्याला खरी भरती येईल.

यावर सरकारी यंत्रणेचा मंत्र ठरलेला आहे: नागरिकांनो, वर्गीकरण करा. पालिका तेच सांगते, पंचायत तेच सांगते, शाळेतल्या पोरांनाही तेच घोकायला लावतात. करू वर्गीकरण. पण घरात येण्याआधी हा माल कुठे होता? दुकानात होता. आणि तिथे तो असायलाच नको होता. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्या यादीत सजावटीचे थर्माकोल आहे. प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात ती पारदर्शक फिल्मसुद्धा आहे. डिसेंबरात म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात एक फेरी मारावी आणि यातले काय मिळत नाही ते आम्हाला सांगावे. गोठ्यासाठी थर्माकोलचे डोंगर मिळतात आणि त्या डोंगरांवर पसरायला थर्माकोलचाच बर्फ मिळतो. डिसेंबरात पंखा लावून झोपणाऱ्या गोव्याला बर्फाचे हे वेड कुठून लागले, देव जाणे.

बंदी असलेला माल राजरोस विकू द्यायचा आणि तो विकत घेणाऱ्या घराला वर्गीकरणाचे धडे द्यायचे, हा दांभिकपणा आहे. शंभर ग्राहकांच्या घरी जाऊन प्रबोधन करण्यापेक्षा एका घाऊक विक्रेत्याच्या गोदामाला टाळे लावणे सोपे. पण टाळे लावले की फोन येतात. प्रबोधन केल्यावर कोणाचाच फोन येत नाही.

शिवाय वर्गीकरण केले म्हणून या मालाचे पुढे होणार काय? चमचमता गिफ्ट पेपर हातात चुरगाळून पाहा. मूठ सोडताच तो पुन्हा फुलला, तर ते प्लास्टिक आहे. रद्दीवाला त्याला हात लावत नाही. हिरवेगार ‘झाड’ आणि चंदेरी झालरी बहुधा पीव्हीसीच्या. पुन्हा वापरता न येणारे प्लास्टिक आपण गाठी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी पाठवतो. पीव्हीसीत क्लोरीन असते आणि ते या भट्टीवाल्यांना नको असते. राहिल्या विजेच्या स्वस्त माळा. त्या एका मोसमात मरतात. भंगारवाला त्यातल्या चिमूटभर तांब्यासाठी वायर जाळतो, धूर वाड्याला आणि राख शेताला. अशा मालासाठी घरातल्या बाईने कितीही वेगवेगळे डबे ठेवले, तरी शेवट एकच.

साळगावचा कचरा-प्रक्रिया प्रकल्प 2016 साली दिवसाला 100 टन क्षमतेने सुरू झाला, पुढे ती 250 टनांवर नेली. दक्षिणेत काकोड्याला दुसरा आला. प्रकल्प उभे राहिले हे सरकारचे काम मान्यच, पण क्षमता वाढवणे म्हणजे कचरा कमी करणे नव्हे. उलट मोठे यंत्र दाखवले की खालचा माणूस निश्चिंत होतो. त्या यंत्रात ओल्या कचऱ्याचा गॅस होतो. उष्ट्या अन्नात थर्माकोलचे कण मिसळले की तिथेही विघ्न. आणि कचरा साठू दिला की काय होते, ते शिकवायला मडगावचा सोनसोडोचा कचराढीग आहेच. 2019 च्या मे महिन्यात तो ढीग पेटला, तेव्हा मडगाव-फातोर्ड्याच्या लोकांनी त्या धुराची किंमत मोजली.

गोव्याला कचरा न करता नाताळ साजरा करणे कोणी शिकवायची गरज नव्हती. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद यांची नक्षत्रे घरीच होत. गोठ्याला गवत, माती, आणि आधी पेरून उगवलेली नाचणीची हिरवी रोपे. दोदोल, नेवऱ्या, बेबिंक शेजारी जात ते घरातल्या ताटातून, वर विणलेला रुमाल घालून. ते ताट परतही यायचे, बहुतेकदा रिकामे नव्हे. हिंदू घरांत गणपतीवर बांधतात ती माटोळी रानातल्या फळांची असते, चवथ उरकली की तिचा कचरा मातीत जातो. म्हणजे रीत दोन्हीकडे होती. बाजाराने ती मोडली आणि बाजाराला कोणी अडवले नाही. एकतीस डिसेंबरच्या रात्री जाळायचा म्हाताऱ्याचा पुतळाही पूर्वी गवत आणि जुन्या कपड्यांचा असे. आता त्याच्या पोटात काय काय भरतात, ते धुराच्या वासावरून कळते.

बाटल्यांचेही तेच. बिअरची बाटली भंगारवाला नेतो, क्वार्टर नेत नाही. मग ती शेताच्या बांधावर फुटते आणि पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्याचा पाय कापते. यावर तोडगा सरकारनेच काढला होता: विकताना वस्तूवर थोडी ठेव घ्यायची, रिकामी बाटली किंवा वेष्टन परत आणले की पैसे परत. या ठेव-परतावा योजनेची अधिसूचना 2024 मध्ये निघाली. उत्पादकांनी आणि मद्यव्यापाऱ्यांनी नाके मुरडली, आणि त्या वर्षीचा नाताळ छदामाचीही ठेव न घेता पार पडला. हिशेब वाढतो, जागा लागते, खर्च येतो, अशी त्यांची कुरकुर. येत असेल. पण जर्मनीत 2003 पासून पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर ठेव घेतात, आज ती 25 सेंट आहे, आणि तिथले दुकानदार काही देशोधडीला लागले नाहीत. जर्मनी फार दूर वाटत असेल तर निलगिरी पाहावी. न्यायालयाने कान धरल्यावर 2022 मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे दहा रुपये घेणे सुरू झाले आणि बाटल्या परत येऊ लागल्या. दहा रुपयांच्या नोटेने जे साधते, ते दहा फलकांनी साधत नाही. गोव्याच्या राज्यकर्त्यांना हे कळत नाही, असे आम्ही मानत नाही.

भाड्याने दिलेल्या बंगल्यांतल्या पार्ट्या हे आणखी एक निमूट झाकलेले प्रकरण. परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसे जमणार असतील, तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि कचरा वेगळा करून सोपवायचा, असे 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिले. या मोसमात किती पंचायतींकडे असे पत्र आले? आले नसेल तर किती जणांना दंड झाला? हे आकडे जाहीर करावेत, मग नागरिकांच्या बेशिस्तीवर बोलू.

नाताळ गेला. पुढचा थर्माकोल कार्निव्हल आणि शिगम्याच्या चित्ररथांवर चढेल. इथे तर दुकानदाराचाही अडथळा नाही, कारण चित्ररथांची बक्षिसे सरकारच देते. बंदी असलेली वस्तू दिसली तर चित्ररथ स्पर्धेतून बाद, एवढी एक ओळ पर्यटन खात्याने प्रवेशअर्जात घालावी. अर्ज छापायला जाण्याआधी.