निवड इम्प्लांटची, काळजी पुढच्या पंधरा वर्षांची

विशेष प्रतिनिधी

स्तनांच्या इम्प्लांटचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा सिनेतारकांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पुण्या-मुंबईतील सौंदर्य शस्त्रक्रिया केंद्रांच्या जाहिरातींनीही हा समज पक्का केला आहे. मात्र या उपकरणाची गरज असलेला फार मोठा वर्ग जाहिरातींत कधीच दिसत नाही. तो आहे कर्करोगामुळे स्तन गमवावा लागलेल्या स्त्रियांचा. 'ग्लोबोकॅन'च्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांवर स्त्रियांचा मृत्यू झाला. भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे उपचारानंतर या स्त्रीपुढे तीस-तीस वर्षांचे आयुष्य असते, आणि इम्प्लांट बसवलेच तर त्याच्यासह ही वर्षे काढायची असतात.

सिलिकॉन की सलाइन, गोल की थेंबाच्या आकाराचे, गुळगुळीत की खडबडीत, स्नायूखाली की स्नायूवर, असे पर्याय तिच्यापुढे ठेवले जातात. माहितीपत्रकांत त्यांची तुलना दिसणे आणि स्पर्श या दोन निकषांवर केलेली असते. हे निकष खोटे नाहीत. पण अपुरे आहेत. पाच, दहा, पंधरा वर्षांनी या वस्तूची तपासणी कोण करणार, कोठे करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा निकष त्या पत्रकांत नसतो. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य स्त्रियांसाठी मात्र निर्णय त्यावरच फिरायला हवा.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या काटेवाडीचे उदाहरण घेऊ. संत तुकाराम महाराजांच्या पालखीला येथे धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. पवार कुटुंबाचे हे गाव ग्रामस्वच्छतेच्या आणि पर्यावरणाच्या उपक्रमांमुळे राज्यभर माहीत झाले. रस्ता उत्तम, बारामती हाकेच्या अंतरावर, तेथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ग्रामीण महाराष्ट्रात याहून सोयीचे ठिकाण शोधूनच काढावे लागेल. येथून जे अवघड आहे, ते भूम-परांड्याहून काय असेल, याचा अंदाज शहरी वाचकाला सहज करता येईल.

शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याविषयी ते पुढे अनेकदा जाहीर सभांतून बोलले. त्यामुळे या तालुक्यात तोंडाच्या कर्करोगाचा उच्चार तरी होतो. स्तनाचा कर्करोग अजून 'गाठ' या एका शब्दात गुंडाळला जातो, आणि तोही बायकांच्या बायकांत. गाठ दाखवायला उशीर होतो तो येथे. हा उशीर केवळ जिवावर बेतत नाही. पुढे इम्प्लांटची निवडही तोच करून टाकतो. ते कसे, हे पुढे येईलच.

तीन धडे

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवले गेले. दोन-तीन वर्षांतच मिठाच्या पाण्याने भरायचे, म्हणजे सलाइनचे इम्प्लांट आले. पुढची तीस वर्षे दोन्ही विकली गेली. सुरक्षिततेचे पुरावे मात्र कोणी फारसे मागितले नाहीत. अखेर १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी सिलिकॉन वापरण्यावर निर्बंध आणले. ते उठायला २००६ उजाडले. मधल्या काळात मोठे अभ्यास झाले. सिलिकॉनमुळे सांधेदुखीसारखे सर्वांगीण आजार जडतात असा पुरावा त्यांत सापडला नाही. फुटणे, आवळून घट्ट होणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे स्थानिक त्रास मात्र नेहमीचे आहेत, हे स्पष्ट झाले.

दुसरा धडा फ्रान्सने दिला. पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले. जगभरातील सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ते होते. फ्रान्स सरकारने २०११च्या डिसेंबरमध्ये आपल्या ३० हजार स्त्रियांना ते काढून घेण्याचा सल्ला दिला. कंपनीचा संस्थापक २०१३ मध्ये तुरुंगवासाच्या शिक्षेस पात्र ठरला. या मालावर युरोपचा अधिकृत 'सीई' शिक्का होता, हे विसरून चालणार नाही. 'इम्पोर्टेड आहे, सर्टिफाइड आहे' एवढ्या दोन शब्दांवर आपल्याकडे जे समाधान मानले जाते, त्याचे मोल यावरून जोखावे.

तिसरा धडा सर्वांत ताजा आणि निवडीशी थेट संबंध असलेला. इम्प्लांटचे बाह्य आवरण गुळगुळीत असते किंवा खडबडीत. खडबडीत आवरणाला शरीराच्या पेशी धरून राहतात आणि इम्प्लांट जागचे हलत नाही. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट फिरले तर स्तनाचा आकारच वेडावाकडा होतो; म्हणून ते प्राय: खडबडीतच बनवले जात. गोल इम्प्लांट फिरले तरी बिघडत नाही. पण या खडबडीतपणाचा संबंध एका दुर्मीळ लिम्फोमाशी लागला. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, तर इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा, रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग आहे. जुलै २०१९ पर्यंत जगात असे ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांपैकी ४८१ रुग्णांच्या शरीरात अ‍ॅलर्गन या एकाच कंपनीची इम्प्लांट्स होती. २४ जुलै २०१९ रोजी कंपनीने 'बायोसेल' आवरणाची सर्व उत्पादने जगभरातून परत घेतली. फ्रान्सने त्याआधीच, एप्रिलमध्ये, अतिखडबडीत प्रकारांवर बंदी घातली होती. लक्षणे नसतील तर आधी बसवलेले काढण्याची गरज नाही, असे नियामकांनी सांगितले. काही वर्षांनी एकाएकी सूज आली तर मात्र तातडीने तपासणी हवी. नव्याने बसवायचे असेल तर गुळगुळीत आणि गोल, हा कौल आता बव्हंशी लागला आहे. याउपर कोणी थेंबाच्या आकाराचे सुचवत असेल, तर आवरण कोणते आणि का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

न बोलणारी फूट

राहिला प्रश्न सिलिकॉन की सलाइन हा. आज जगभर सिलिकॉनचेच पारडे जड आहे. ते हाताला नैसर्गिक लागते. सलाइनला सुरकुत्या पडतात आणि स्तन काढल्यानंतर उरलेल्या पातळ त्वचेतून त्या दिसतात. त्यामुळे अनेक शल्यविशारद सलाइनचा पर्याय बोलूनही दाखवत नाहीत. पण सलाइन फुटले की पाणी शरीरात शोषले जाते, स्तन बसतो आणि त्या स्त्रीला ते लगेच कळते. सिलिकॉनचा जेल घट्ट असतो. आवरण फाटले तरी तो जागीच राहतो, दुखत नाही, आकारही बदलत नाही. या न बोलणाऱ्या फुटीसाठी अमेरिकेतील नियामकांची शिफारस अशी, की पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी करावी. २०२१ मध्ये तेथे इम्प्लांटच्या वेष्टनावर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा झाला; धोके समजावल्याची यादी रुग्णाच्या सहीनिशी भरून घेतल्याशिवाय विक्रीच करता येत नाही. इम्प्लांट ही आयुष्यभराची वस्तू नाही, हेही त्या यादीत आहे. केवळ आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रियांपैकी पाचांतल्या एकीला ते आठ-दहा वर्षांत काढावे लागू शकते, असे त्याच प्रशासनाने सांगितले आहे. कर्करोगानंतर बसवलेल्यांत हे प्रमाण अधिक.

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या स्त्रीला हे वेळापत्रक पाळणे कटकटीचे असले तरी शक्य आहे. काटेवाडीहून पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास. एक दिवस, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी किंवा रजा, वर तपासणीचे शुल्क. मेडिक्लेम पॉलिसी असलीच तरी ती सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते, असल्या नियमित तपासण्यांचा नाही. दुखत-खुपत काही नसताना घरातून या फेरीसाठी पैसे निघणे अवघड. अशा परिस्थितीत 'फुटले तर कळते' हा सलाइनचा गुण क्षुल्लक राहत नाही, असे आमचे मत आहे. सिलिकॉनच घ्यायचे तर बारामतीतच होऊ शकणाऱ्या सोनोग्राफीची शिफारस डॉक्टरांनी आधीच लिहून द्यावी.

यातली एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. कोणत्या स्त्रीच्या शरीरात कोणते इम्प्लांट आहे, याची मात्र सक्तीची राष्ट्रीय नोंदवही भारतात नाही. नेदरलँड्समध्ये ती २०१५ पासून, इंग्लंडमध्ये २०१६ पासून आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१५ मध्ये गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत सुरू झाला आणि २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. पण दुष्परिणाम कळवणे वेगळे आणि उद्या एखादा माल परत घ्यायची वेळ आली तर तो कोणाकोणाच्या अंगात आहे हे ठाऊक असणे वेगळे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या सदोष खुब्यांच्या प्रकरणात याचा अनुभव आलेला आहे. तो माल जगभरातून २०१० मध्ये परत घेतला गेला. भारतातील रुग्णांच्या भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ साल उजाडले आणि मधल्या काळात कित्येक रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

शरीरकष्टाचे गणित

आता उशिराचा मुद्दा. गाठ लवकर सापडली तर बहुतेक वेळा संपूर्ण स्तन काढावाच लागत नाही. गाठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्री तितकीच जगते, हे इटली आणि अमेरिकेतील वीस वर्षांच्या पाहणीतून २००२ मध्येच सिद्ध झाले. तेव्हा 'कोणते इम्प्लांट' याआधीचा प्रश्न 'स्तन काढणे अटळ आहे का' हा असायला हवा. स्तन वाचवून त्याचा आकार राखणाऱ्या ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रियेचे काम पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनने वाढवले आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातही स्तन वाचवण्याच्या शस्त्रक्रिया दीर्घकाळ होत आहेत.

गाठ वाढल्यावर आलेल्या स्त्रीचा स्तन काढल्यानंतरही बहुधा किरणोपचार द्यावे लागतात. त्याने त्वचा आणि खालच्या पेशी आखडतात. इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून ते दगडासारखे होण्याचा, जखम न भरण्याचा धोका बराच वाढतो. तिच्यासाठी स्वत:च्या पोटाच्या किंवा पाठीच्या पेशींपासून स्तन घडवणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. पण पाठीचा स्नायू वापरला तर ओढण्या-उचलण्याची ताकद काहीशी घटते. पोटाचा स्नायू घेतला तर भिंत कमकुवत होऊन हर्निया होऊ शकतो. स्नायू न घेता केवळ त्वचा आणि चरबी घेण्याची पद्धत उत्तम, पण ती सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याची कित्येक तासांची शस्त्रक्रिया आहे आणि ती करणारे हात मोठ्या शहरांत एकवटले आहेत. उसाच्या मोळ्या, वैरणीचे भारे, कळशी हे ज्या स्त्रीचे रोजचे आहे, तिला 'तुम्ही कोणते काम करता' हे विचारल्याशिवाय पद्धत ठरवणे योग्य नव्हे. छातीच्या स्नायूखाली बसवलेले इम्प्लांट जोर लावताना हलते, हेही तिला आधी कळायला हवे. स्नायूवर बसवताना कधी जाळी, तर कधी प्राण्याच्या कातड्यापासून बनवलेला पडदा वापरतात. हे कातडे डुकराचे वा गाईचेही असू शकते. आपल्या समाजात ते न सांगणे अक्षम्य मानावे लागेल.

पुनर्रचना न करण्याचा मार्गही खुला आहे, आणि तो कमीपणाचा नाही. अंतर्वस्त्रात ठेवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. मुंबईत काही स्वयंसेवी महिला सुती धाग्याने विणलेले स्तन विनामूल्य देतात. वजनाला हलके, धुता येणारे, उन्हातल्या कामाला सोयीचे.

पैशांच्या बाबतीत एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. 'कॉस्मेटिक' म्हणून विमा कंपन्या पुनर्रचनेचा दावा नाकारतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या कलमानुसार सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेल्या असल्या, तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून मोकळी ठेवलेली आहे. अमेरिकेत हा हक्क १९९८ पासून कायद्याने आहे. सरकारी योजनेखाली उपचार होणार असतील, तर पुनर्रचनेची कोणती पद्धत त्यात बसते हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णालयाकडून लेखी घ्यावे. हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली. स्तनांची इम्प्लांट्स त्या यादीत आली नाहीत.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात कंपनीचे नाव, प्रकार, आकारमान आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर असते. त्याची एक प्रत रुग्णालयाच्या फाइलला लागते. दुसरी स्त्रीच्या कार्डावर लावून तिच्या हाती द्यायची असते. ते कार्ड मागून घ्यावे आणि आधार, शिधापत्रिकेबरोबर ठेवावे. २०२५ मध्ये सिलिकॉनचे इम्प्लांट बसवलेल्या स्त्रीची पहिली तपासणी २०३० किंवा २०३१ मध्ये येते. तेव्हा रुग्णालयाची फाइल सापडेल की नाही, याची हमी आज कोणी देत नाही.