विश्लेषण : मुलांची डोकेदुखी, शाळा टाळण्याचा बहाणा की मायग्रेन?

नाशिकमध्ये सकाळच्या सत्रातील शाळा, दुपारी क्लास आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल, असा दिनक्रम असलेला विद्यार्थी डोके दुखते म्हणाला, की पहिली शंका चष्म्याच्या नंबराची येते आणि दुसरी बहाण्याची. मायग्रेन बहुधा शेवटी आठवतो. प्रत्यक्षात जगभरातील पाहण्यांनुसार साधारण ७ ते १० टक्के मुलांना तो असतो.

ओळखायचा कसा?

‘अर्धशिशी’ या नावानेच गफलत होते. मुलांचे डोके अनेकदा दोन्ही बाजूंनी, कपाळावर दुखते. प्रौढांत झटका किमान ४ तासांचा धरतात, मुलांत २ तासही पुरतात. मळमळ, उलटी होते, मूल अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते आणि झोपून उठले की खेळायला पळते. नेमके हेच पाहून घरचे ‘नाटक’ म्हणतात. निदान किमान ५ झटक्यांच्या माहितीवर आणि डॉक्टरांच्या तपासणीवर होते. सरसकट एमआरआय लागत नाही. पालकांनी वहीत केलेल्या नोंदी जास्त उपयोगी पडतात. मात्र पहाटे डोकेदुखीने जाग येऊन उलटी होणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे, तापासह मान आखडणे, ही लक्षणे असल्यास थांबू नये.

गोळ्यांनी भागते का?

झटका सुरू होताच डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेले पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देतात. अॅस्पिरिन मुलांना नको. महिन्यातले १५ दिवस गोळ्या घेण्याची सवय लागली, तर गोळ्याच डोकेदुखी वाढवतात. रोजच्या प्रतिबंधक औषधांबाबत २०१७मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकी चाचणी बोलकी आहे. ८ ते १७ वयाच्या ३६१ मुलांची ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमिट्रिप्टिलिनने ५२ टक्के, टोपिरामेटने ५५ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले. औषध नसलेल्या नकली गोळीने ६१ टक्के!

शाळेचा संबंध काय?

अपुरी झोप आणि उपाशीपोटी राहणे हे झटक्याचे नेहमीचे निमित्त. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, पण फक्त चौथीपर्यंत. मायग्रेन वाढतो तो किशोरवयात, विशेषतः मुलींमध्ये. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते. त्याच्या ३० आजारांच्या यादीत अपस्मार आहे, दृष्टिदोष आहे, मायग्रेन नाही. त्यामुळे नजर ठीक निघाली, की डोके दुखणारे मूल पुन्हा वर्गात जाऊन बसते.