दिरंगाईस आता सबब नाही

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या चेतापेशी मारून स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारावरील रिसडिप्लाम या औषधाच्या भारतीय उत्पादनाची विक्री रोखण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, हे आम्हांस सर्वस्वी न्याय्य वाटते; सहा लाखांच्या घरातील बाटली त्यामुळे १५,९०० रुपयांवर आली.

परंतु एसएमएन-२ जनुकाच्या संदेशाची जुळणी सुधारून हवे ते प्रथिन वाढविणारा हा लहानसा रेणू, रोज पिचकारीने मोजून पाजला तरी, एकदा मृत झालेल्या चेतापेशी परत आणू शकत नाही. म्हणून ज्या बालकाची मान अजून सावरत नाही, त्याच्या आईबापांस औषधासाठी लागणाऱ्या दाखल्यांपायी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयास लावणे हा निव्वळ निर्दयपणा होय. या आजारासाठी नवजाताच्या टाचेतील रक्ताची तपासणी सर्वत्र सुरू करून, हे औषध सरकारी खर्चाने तहहयात पुरविण्याचा हुकूम केंद्र सरकारने विनाविलंब काढावा.