पिकप गाडीचा डिझेल फिल्टर : घरीं बदलावा काय?

आंब्याच्या गेल्या हंगामांत पेट्या भरून रत्नागिरीकडून कोल्हापूरच्या सौद्यास निघालेली आमची पिकप आंबा घाटाच्या चढणीवर दम टाकून उभी राहिली. सपाटीवर ती बरी चालत होती. चढ लागतांच इंजिनास तेल अधिक लागूं लागलें आणि तेवढें तें पोहोंचेना. सकाळचा सौदा चुकला व माल दुसऱ्या दिवशीं पडत्या भावानें द्यावा लागला. पुढें फिल्टर सोडवून पाहिला, तों आंतील कागद काळा झालेला आणि तळाशीं पाणी. याच फिल्टरच्या बदलाचे पैसे चार महिन्यांपूर्वीं आम्हीं एका गॅरेजांत मोजले होते!

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, हमीची मुदत संपलेल्या गाडीचा फिल्टर मालकानें स्वतः बदलावा. बैलाच्या खुराला नाल ठोकतांना जो धनी समोर उभा राहतो, त्यानें गाडीच्या बाबतींत मात्र डोळे मिटून विश्वास टाकावा, हें कांहीं शहाणपणाचें नव्हे.

यावर कोणी म्हणतील कीं, नवीं इंजिनें नाजूक असतात, तेथें शेतकऱ्यानें हात घालूं नये. हा आक्षेप निम्मा खरा आहे. जुन्या इंजिनांत थोडी घाण खपून जात असे. हल्लींच्या कॉमन-रेल इंजिनांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक असतो, आणि इंजेक्टरमधील फटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या लागतात. शिवाय पंपाला वंगण मिळतें तें डिझेलचेंच. त्यांत पाणी शिरलें कीं वंगण गेलें व गंज आला. परंतु यावरून निघतें तें इतकेंच कीं, काम स्वच्छ हातांनीं करावें.

इंजिन थंड असावें, जवळपास विडी-काडी नसावी. प्रथम फिल्टरच्या भोंवतालची धूळ पुसून काढावी; कारण उघड्या तोंडांत पडलेला एक कण थेट पंपाकडे जातो. खालचा स्क्रू सैल करून पाणी व तेल बाटलींत घ्यावें. पाण्याचा सेन्सर असल्यास तो जुन्यावरून काढून नव्यास लावावा. जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिली नाहीं ना, हें बोटानें चांचपावें. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गाडी हवा घेते. नव्या रिंगेस स्वच्छ डिझेलचें बोट लावून, फिल्टरवर छापलें असेल तितकाच तो हातानें आवळावा. पान्यानें ताकद दाखविण्याची ही जागा नव्हे.

नवा फिल्टर डब्यांतील तेलानें भरून बसविण्याची एक जुनी चाल आहे, ती मात्र सोडून द्यावी. मधल्या भोकांतून ओतलेलें तेल न गाळतांच पुढें जातें. म्हणजे गाळणी बदलावयाची आणि घाण आपणच आंत घालावयाची! हातपंप कठीण लागेपर्यंत दाबावा; टाकींत विजेचा पंप असेल तर चावी दोन-चार वेळां नुसती फिरवावी. कॉमन-रेल इंजिनाच्या जाड दाबनळ्या सोडून हवा काढण्याच्या भानगडींत पडूं नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते.

खरी अडचण आहे ती अस्सल फिल्टर मिळण्याची. गांवची सोसायटी खताचीं पोतीं ठेवते, तिनें सभासदांच्या गाड्यांचे फिल्टरही पक्क्या पावतीनें आणून ठेवण्यास काय हरकत आहे? शेतावर कॅनमधून डिझेल भरणारांनीं कॅनचा तळ ढवळूं नये. शेवटचें चार बोटें तेल गाडींत न ओततां बाजूस ठेवावें. काढलेलें घाण तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये.

आणि नव्या फिल्टरवर रंगानें तारीख व किलोमीटर लिहावे. आमच्या गाडीवर ते लिहिलेले असते, तर त्या गॅरेजवाल्याशीं बोलणें पुष्कळ सोपें गेलें असतें.